ओकणारं बाळ आणि आमची दोनशे पानी वही

दोन चमचे दूध घ्या, साधारण १० मिली. एका कोरड्या दुपट्यावर ओता आणि डाग कुठवर पसरतो ते बघा. आम्ही हा उद्योग स्वयंपाकघराच्या ओट्यावर रात्री साडेदहाला केला, कारण डॉक्टरबाईंनी तसं बजावलं होतं. डाग नाश्त्याच्या बशीएवढा झाला. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्याच दुपारी आम्ही फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, प्यायलेलं सगळंच्या सगळं बाहेर काढलं हो तिने."

आमची चिमी जूनमध्ये जन्मली. तिसऱ्या आठवड्यापासून दूध टाकायला लागली आणि दोन महिन्यांची होईस्तोवर अशी वेळ आली की तिला पाजायचं म्हटलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. पुण्यात सिंहगड रोडवरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, बाहेर पावसाची पिरपिर, आत दोरीवर, खुर्च्यांच्या पाठींवर, दाराच्या कडीवर वाळत घातलेली दुपटी आणि सगळ्या घराला तो आंबूस वास. मला काही पाजता येत नव्हतं, म्हणून मी वही धरली. इथे लिहितोय ते त्या वहीतून आणि तिच्या निमित्ताने डॉक्टरांशी जे बोलणं झालं त्यातून. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाला हात लावून तपासणारा माणूस सांगेल ते यापेक्षा वरचढ धरा.

हे होतं कशामुळे

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. घास खाली गेला की ती मिटते. तान्ह्या बाळात ती मधूनच सैल पडते. त्यात अन्ननलिका आखूड, खाणं सगळं पातळ आणि दिवसाचे बहुतेक तास आडवं पडून काढलेले. मग दूध वर येतं. यालाच डॉक्टर रिफ्लक्स म्हणतात. हा प्रकार बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत सुरू होतो, चौथ्या महिन्याच्या आसपास कळसाला पोचतो आणि बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की ओसरतो. वर्षाचं होईपर्यंत दहातल्या नऊ बाळांचं ओकणं थांबलेलं असतं.

दूध टाकून लगेच खुदकन हसणारं आणि अंग धरणारं बाळ आजारी नसतं. त्याला औषध लागत नाही, दुपटी लागतात. तुळशीबागेतून डझनाने आणा. दुखणं म्हणायचं ते वजन अडलं, पिताना बाळ कळवळलं, पाठीची कमान करून मान मागे टाकू लागलं, दूधच नाकारू लागलं किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर. आमची गाडी या दुसऱ्या रुळावर होती, म्हणून पुढचं बरंचसं अशाच आईबापांसाठी आहे.

पहिली पायरी: कशासाठी एक तासही थांबायचं नाही

हे आधी वाचा आणि फ्रिजवर चिकटवा, बाकीचं सावकाश.

उलटी हिरवी असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी तडक मोठ्या रुग्णालयात, जिथे लहान मुलांचे सर्जन असतील तिथे जा. पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक पाजण्यानंतर उलटी लांब उडत असेल आणि बाळ ओकून लगेच पुन्हा भुकेलं होत असेल, तर जठराच्या खालच्या तोंडाशी स्नायू जाड झालेला असू शकतो. हे पहिल्यावहिल्या मुलग्यांत जास्त दिसतं, सोनोग्राफीत कळतं आणि एका छोट्या शस्त्रक्रियेने कायमचं बरं होतं. त्याला "गॅस" म्हणत आठवडा काढू नका.

उलटीत किंवा शीत रक्त, पोट टम्म फुगलेलं, टाळू वर आलेली, बाळ मलूल, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, सहा ते आठ तासांत लघवी नाही, ओठ निळसर पडले, श्वास मधे थांबल्यासारखा वाटला: यांतलं काहीही दिसलं तरी तपासणी लगेच. १०८ ला फोन करायला लाजू नका. सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच ओकायला लागलेल्या बाळाचंही कारण वेगळं असू शकतं. आणि एक गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती: लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग झाला तरी तान्ही बाळं उलट्या करतात आणि दूध सोडतात. साध्या लघवी तपासणीने तो कळतो.

नाकातोंडातून दूध आलं तर बाळाला उताणं धरून ठेवू नका. कुशीवर करा, ओघळू द्या, पुसा. तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं. श्वासच येत नसेल तर बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आपल्या बोटांवर टेकलेला, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा. हे लसीकरणाला जाल तेव्हा नर्सताईंकडून बाहुलीवर शिकून घ्या. वाचून येत नाही.

दुसरी पायरी: तीन दिवस फक्त लिहा

काहीही बदलायच्या आधी तीन दिवस जे चाललंय तेच चालू ठेवा आणि लिहा. आमच्या वहीतली ऑगस्टमधली एक ओळ अशी आहे: "४.१०. बाटली ९०, प्यायली ५५. पाच मिनिटांनी रडली, पुन्हा दिलं, २० गेलं. ४.४० मोठी ओकारी, दह्यासारखी. लंगोट ओला. मावशी येऊन गेल्यावर."

वेळ, अंगावर की बाटली, किती मिनिटं, किती मिली, ओकारी कधी आणि कशी, लंगोट किती ओले, झोप, आणि शेवटी "आधी काय झालं होतं" असा एक रकाना. खरी गोम या शेवटच्या रकान्यात सापडते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पानं चाळताना दोन गोष्टी दिसल्या. एक, चिमी रडली की आम्ही पाजत होतो, दर तासाला, कधी चाळीस मिनिटांनी. जठर रिकामं व्हायला उसंतच नव्हती. दुसरी, सर्वांत मोठ्या ओकाऱ्या मालिशवाल्या मावशी येऊन गेल्यावरच्या होत्या. आंघोळीआधी "रडेल बिचारी" म्हणून आम्ही तिला पोटभर पाजायचो आणि मावशी मग तेच पोट मन लावून चोळायच्या.

पाच दिवसांच्या पुढच्या बाळाचे २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होत असतील, तर पाणी पोटात जातंय एवढं नक्की समजा.

तिसरी पायरी: वजन एकाच काट्यावर

जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत परत जन्माइतकं होतं. पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम आणि नंतरचे तीन महिने १५ ते २० ग्रॅम भर पडते. या आकड्यांपेक्षा वाढीच्या तक्त्यावरची बाळाची स्वतःची रेघ महत्त्वाची. लसीच्या कार्डात तो तक्ता असतो. बारीक चणीचं बाळ आपल्या रेघेवरून चढत असेल तर ठीक. दोन रेघा ओलांडून खाली यायला लागलं तर कारण शोधावं लागतं.

वजन आठवड्यातून एकदा, उघड्या अंगाने, पाजण्याआधी, त्याच काट्यावर. "त्याच" यावर मी दोनदा रेघ मारीन. एका ठिकाणी झबलं-लंगोटासकट आणि चार दिवसांनी दुसरीकडे उघड्याने, एवढ्यावर आमच्या मुलीचं वजन १८० ग्रॅमने "घटलं" होतं आणि त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. अंगणवाडीतला काटाही चालतो, फक्त दर वेळी तोच घ्या.

चौथी पायरी: किती आणि कसं पाजायचं

महिन्याभराच्या बाळाच्या जठरात एका वेळी ८० ते १५० मिली मावतं. बाटलीवर असलेल्या बाळाला दिवसभरात किलोमागे साधारण १५० मिली लागतं. चिमी तेव्हा ४ किलोची होती. म्हणजे सगळं मिळून ६०० मिली, आठ वेळा पाजलं तर एका वेळी ७५. आम्ही १२० करून बसत होतो आणि तळाशी उरलेलं दूध बघून हळहळत होतो! हा गुणाकार कागदावर मांडला तेव्हा मला स्वतःची शरम वाटली, कारण कामावर दिवसभर मी आकडेच बघतो.

अंगावर पाजत असाल तर ओकण्यासाठी ते बंद करायचं कारण नाही. आईचं दूध जठरातून लवकर पुढे सरकतं. पान्हा जोरात सुटत असेल तर बाळाला ठसका लागतो, ते गटागट गिळतं, सोबत हवा जाते. आईने मागे रेलून, बाळ छातीवर पालथं घेऊन पाजलं की धार मंदावते. पहिली जोराची धार दुपट्यावर जाऊ द्यावी. बाळाने तोंडात नुसती बोंडी धरली आहे की भोवतालचा काळा भागही घेतला आहे, हे स्तनपान सल्लागाराकडून एकदा तरी बघून घ्या. जीभ खालच्या बाजूने जखडलेली असेल तर त्यांच्याच लक्षात येतं.

बाटली असेल तर सर्वांत कमी धारेचं निपल. तापवलेल्या सुईने भोक मोठं करायची जुनी युक्ती आमच्याकडेही सुचवली गेली. पाच मिनिटांत बाटली संपते खरी, पण पुढच्या पंधरा मिनिटांत ती दुपट्यावर असते. बाळ जवळजवळ बसतं किंवा डाव्या कुशीवर घ्या, बाटली आडवी धरा, निपलापुरतं दूध राहील एवढीच कलती. पाच-सहा घोटांनंतर बाटली खाली करून श्वास घेऊ द्या. एवढा एक बदल आम्हाला दोन आठवड्यांच्या औषधापेक्षा जास्त फळला.

पावडरचा एक चमचा जास्त घालून दूध "घट्ट" करू नका. बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. डब्यावरचं प्रमाण ते प्रमाण. तांदळाची पूड किंवा घट्ट होणारं तयार दूध फक्त डॉक्टरांनी सांगितलं तर, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. दर पंधरा दिवसांनी डबा बदलण्याच्या मोहातही पडू नका. १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात आणि मोफत नमुने यांवर बंदी आहे. तेव्हा दुकानदार अमुकच घ्या म्हणून आग्रह करू लागला, तर हसून मूळ चिठ्ठी दाखवा.

पाचवी पायरी: पाजल्यानंतरचा अर्धा तास

२० ते ३० मिनिटं उभं धरायचं. खांद्यावर, छातीला छाती लावून. ढेकर आला तर आला. पाठ बडवत बसू नका, खालून वर हात फिरवा. मांडीवर पोटाची घडी होईल असं बसवलं तर दूध उलट वर येतं, म्हणून गाडीतली किंवा झोक्याची खुर्ची पाजल्यावर वर्ज्य. रात्री तीनच्या पाळीला मी खिडकीत उभा राहून रस्त्यावरच्या दुधाच्या गाड्या मोजायचो. आडवं पडलो तर दोघंही झोपू आणि सोफ्यावर बाळाला घेऊन झोप लागणं फार धोक्याचं, म्हणून उभाच.

लंगोट आणि कमरेची नाडी सैल. मालिश-आंघोळ पाजण्याच्या आधी, नाहीतर तासा-दीड तासाने. धुरी बंद. वावडिंग-ओव्याचा वास मलाही आवडतो, पण धुराने तान्ह्याची छाती भरते आणि खोकल्याच्या जोराने दूध वर येतं. घरात कुणी बाल्कनीत सिगरेट ओढत असेल तर त्याच्या शर्टालाही हाच नियम.

झोपवायचं मात्र उताणं, सपाट गादीवर, उशी-लोड काही न लावता. हे पचायला अवघड गेलं. आमच्या आईचं म्हणणं, पालथं घाला नाहीतर ठसका लागेल. डॉक्टरबाईंनी तिला हातवारे करून समजावलं: उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका खाली, म्हणून वर आलेलं दूध श्वासात जायला त्याला चढ चढावा लागतो, पालथं घातलं की उलटं. पालथं झोपवण्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. गादीची एक बाजू उंच करण्याचाही उपयोग नाही, बाळ घसरून मान दुमडते. जागं असताना, आपण समोर बसून, पालथं खेळवायला हरकत नाही.

सहावी पायरी: बाळ दूधच नाकारतं तेव्हा

इथवरचं सगळं आम्ही केलं आणि ओकाऱ्या निम्म्यावर आल्या. पण तोवर दुसरंच काही होऊन बसलं होतं. अकराव्या आठवड्यात चिमी पिवळ्या झाकणाची बाटली दुरून दिसली की मान फिरवायची. भूक लागून मुठी चोखायची, निपल ओठाला लागलं की किंचाळायची. डोळा लागला की मात्र तीच बाटली निमूट प्यायची. आम्ही काय करत होतो ते लिहितो, कारण बऱ्याच घरांत हेच चालतं. बायको तिला दुपट्यात हात बांधून गुंडाळायची, मी डोकं धरायचो आणि ती रडायला तोंड उघडेल तेव्हा निपल आत. सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं बोंडलं, म्हणजे दूध पाजायचं तोटीचं भांडं, काढून आणलं होतं. बोंडल्याने पाजणं मुळात वाईट नाही, ओठाशी टेकवून बाळाला स्वतः पिऊ दिलं तर. आम्ही ते घशात ओतत होतो.

डॉक्टरबाईंनी वही वाचली, मग म्हणाल्या, "आता ती दुखतंय म्हणून नाकारते की तुम्ही धरता म्हणून, हे कुणालाच सांगता येणार नाही. धरणं बंद करा, मग कळेल."

जे केलं ते क्रमाने सांगतो. पण आधी एक अट. हे डॉक्टरांना सांगून, वजनावर त्यांची नजर असताना आणि लंगोट मोजतच करायचं. बाळ आधीच फार खालावलेलं असेल तर काही दिवस नाकातून नळीने दूध देतात. त्यात आईबापांचा पराभव नाही, बाळाच्या तोंडाला तेवढी विश्रांती मिळते.

एक, दोन पाजण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, म्हणजे भूक खरी लागते. दोन, दिवसा पाजणारं माणूस एकच. आमच्याकडे बायको, कारण माझ्या हाताची तिला धास्ती होती. हे ऐकायला बरं वाटलं नाही. तीन, अर्धा अंधार, पंखा, टीव्ही बंद, कुणी डोकावायचं नाही. चार, निपल ओठाला लावून थांबायचं, तोंड उघडलं तरच आत. मान फिरवली तर बाटली खाली, तिच्याशी बोलायचं, मिनिटभराने पुन्हा. तीनदा मान फिरली की पाजणं संपलं, मग १० मिली गेलं असो की ७०. पाच, अर्ध्या तासाच्या वर एकही पाजणं ओढायचं नाही. सहा, पाजण्याव्यतिरिक्त तिच्या तोंडाला चांगल्या गोष्टी: धुतलेलं बोट चोखायला, गालावरून हात, उघड्या छातीवर घेऊन झोपणं. औषधाची ड्रॉपर पाजण्याच्या वेळेला आणि त्या खोलीत नाही.

पहिल्या दिवशी बाटलीतून ३३० मिली गेलं. रात्रीचं अंगावरचं वेगळं. तिसऱ्या दिवशी ३६०. त्या तीन दिवसांत मी दोनदा म्हणालो की बस्स झालं, धरून पाजू. बायकोने दार आतून लावून घेतलं. नवव्या दिवसाच्या पानावर ५४० आहे आणि पुढे तिच्या अक्षरात "स्वतः तोंड पुढे केलं, ४.२०".

दोन-अडीच आठवड्यांत काहीच हललं नाही, पिताना खोकला, घरघर, ओलसर श्वास येत असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर गिळण्याची तपासणी लागते. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भारपणाच्या साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमाराला जमायला लागतो, म्हणून आधी जन्मलेल्यांना वेळ लागतो. बाळांचं खाणंपिणं बघणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात, बहुधा नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयांत. खर्चाचा प्रश्न असेल तर पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयाचा बालरोग विभाग आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं मोफत आहेत. आपल्या भागातल्या आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतात.

दुधाचा संशय

गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ऍलर्जी आणि रिफ्लक्स ही दोन्ही दुखणी दिसायला सारखी. शीत चिकट आव किंवा रक्ताची रेघ, अंगावर खरखरीत चट्टे, घरात दमा-ऍलर्जीचा इतिहास असेल तर संशय बळावतो. मग डॉक्टर दोन ते चार आठवडे आईचं दूधदुभतं पूर्ण बंद करायला सांगतात. बाटलीवरच्या बाळाला प्रथिनं तोडलेलं खास दूध, जे महाग असतं. म्हशीचं किंवा शेळीचं दूध हा पर्याय नाही, त्यांतली प्रथिनं पुष्कळ सारखी.

पूर्ण म्हणजे पूर्ण. दही, ताक, पनीर, खवा, वरणावरचं तूप, ब्रेड, खारी, श्रूजबेरी बिस्किटं, आणि दुधाचा चहा. बाळंतिणीला कोरा चहा देणाऱ्या घरात काय वातावरण असतं ते विचारू नका. सासूबाईंनी तुपातले डिंकाचे लाडू डब्यात घालून ठेवले होते, ते मीच संपवले. अळिवाचे लाडू नारळ-गुळाचे, ते चालले. आईला कॅल्शियमची गोळी लागते, ती विचारून घ्या. ठरलेल्या मुदतीनंतर दूध परत सुरू करून बघायचं. त्रास परतला तरच ऍलर्जी म्हणायची. आमच्याकडे तीन आठवड्यांत तसूभर फरक पडला नाही आणि बायकोने पहिला चहा उभ्या उभ्या, ओट्यापाशी घेतला.

औषधं, थोडक्यात

आम्ल कमी करणारी औषधं ओकणं कमी करत नाहीत, वर येणाऱ्या दुधाचा आंबटपणा फक्त उतरतो. २००९ साली रिफ्लक्सच्या लक्षणांच्या १६२ बाळांवर असं एक औषध तपासलं गेलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं खोटं औषध. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखीच, ५४ टक्के बाळं सुधारली होती. अन्ननलिकेला खरोखर सूज असेल किंवा वजन अडलं असेल तर डॉक्टर चार ते आठ आठवड्यांसाठी देतात, आणि तेव्हा ते वेळ पाळून, पाजण्याच्या अर्धा तास आधी द्यायचं. कधी थांबवायचं तेही पहिल्याच दिवशी विचारा. उगाच चालू राहिलं तर जंतुसंसर्ग वाढतात. आमचं चार आठवड्यांनी थांबलं, फरक ना देताना दिसला ना थांबवताना.

घरात जुन्या चिठ्ठीवरचं रॅनिटिडिन पडलेलं असेल तर टाकून द्या. अमेरिकेने ते २०२० मध्ये बाजारातून काढायला लावलं आणि आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतून २०२२ मध्ये गेलं. डोम्पेरिडोन या उलटीवरच्या औषधाचे थेंब आपल्याकडे सर्रास मागितले जातात. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून युरोपात २०१४ पासून त्यावर बंधनं आहेत. शेजारच्या बाळाला लागू पडलं म्हणून दुकानातून आणू नका. ग्राइप वॉटर आणि बाळगुटी दोन्ही नको. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत कशाचे किती वेढे गेले आणि पाणी कुठलं, याचा हिशोब कुणाकडेच नसतो. मध वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही. दृष्ट खुशाल काढा.

डॉक्टरांकडे जाताना

पंधरा मिनिटं मिळतात असं धरून चला. वहीचं एक पान सारांश, वजनांची यादी आणि मोबाइलवर दोन चित्रफिती: एक पाजतानाची, एक कळवळण्याची. दवाखान्यात बाळं नेमकी शहाण्यासारखी वागतात. मान वाकडी करून ताठ होत असेल तर ती फीत हवीच, कारण रिफ्लक्समध्ये होणारी ही कमान आणि फिट यांतला फरक डॉक्टरांना बघूनच सांगता येतो. पाजून लगेच रिक्षात बसू नका, आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक प्यायलेलं बाहेर काढतात. बेरियमची तपासणी, २४ तासांची आम्लमापन नळी, एंडोस्कोपी हे सगळं असतं, पण बहुतेक बाळांना लागत नाही. सुचवलं तर "यातून आपण काय शोधतोय?" एवढं विचारा. चांगला डॉक्टर दोन वाक्यांत सांगतो.

घरातली माणसं

दूध पुरत नाही, आईने काहीतरी खाल्लं, हल्लीच्या पोरींना बाळ धरता येत नाही, हे सगळं आमच्याही घरात बोललं गेलं, कधी प्रेमाने, कधी नाही. माझ्या आईने चार पोरं वाढवली आहेत, तिच्याशी वाद घालून मी जिंकणार नव्हतो. मग तिला काम वाटून दिलं. लंगोटांचा रकाना तिच्याकडे. दुसऱ्या दिवसापासून आई फोनवर मावशीला सांगू लागली, "आज आठ झाले." जी पाहुणेमंडळी बाळ बघायला यायची त्यांना मी वेळ द्यायचो, दोन पाजण्यांच्या मधली.

बायकोकडे बघायला मात्र मी उशीर केला. ती रात्री दूध काढायची, दिवसा पाजायची आणि मधल्या वेळात रडायची. मी ते थकव्याच्या खात्यात टाकत होतो. झोपायची संधी असूनही झोप येत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत, अंगावर पाजत असतानाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे. आम्ही पाळ्या लावल्या. रात्री नऊ ते दोन बाळ माझं, काढून ठेवलेल्या दुधावर, आणि बायको दुसऱ्या खोलीत दार लावून. सलग पाच तासांच्या झोपेनंतर तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून म्हणाली, चल, त्या डॉक्टरांशी माझ्याबद्दलही बोलू.

उष्टावण आणि पुढे

घट्ट खाणं सहा महिन्यांच्या आसपास, बाळ मान धरून टेकून बसू लागलं की. रिफ्लक्स आहे म्हणून चौथ्या महिन्यात घाई करायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मऊ भात-वरण, नाचणीची पेज, कुस्करलेला लाल भोपळा. चमच्यालाही बाटलीचाच नियम: तोंड उघडलं तर आत. जिला एकदा धरून पाजलं गेलंय ती चमच्यालाही बिचकते. चिमीला आम्ही पहिले आठ दिवस चमचा नुसता हातात खेळायला दिला, तिने तो वरणात बुडवून आधी कानाला लावला. वरचं गाईचं दूध पिण्यासाठी म्हणून वर्षानंतर.

बसायला लागल्यावर ओकाऱ्या आठवड्यातून दोन-तीनवर आल्या, दहाव्या महिन्यात थांबल्या. वर्ष उलटूनही बाळ ओकतच असेल, घास गिळताना अडत असेल किंवा गुठळीदार काहीच खात नसेल, तर मुलांच्या पोटाच्या विकारांचे तज्ज्ञ गाठा, वही घेऊन. आमच्या वहीची शेवटची चाळीस पानं कोरी होती. आता आई त्यात दुधाचा हिशोब लिहिते, चहाच्या.